कमी पावसाच्या भागात शुगर बीट (ज्याच्या मुळापासून साखर काढतात ते बीट) लावायचं असेल तर जमीन कशी तयार करावी?

आधी रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागं लावून वरची माती बारीक करायचं अवजार) गोठ्यामागं उभा करा. बीटच्या रानाचं वाटोळं त्यानंच होतं, हे मी तात्यांना (आमचे थोरले चुलते) अजून पटवतोय.

आमचं रान अंबड तालुक्यात, भारी काळं. बीट लावायचं ठरलं तेव्हा मी एप्रिलमध्येच पलटी नांगरानं सव्वा फूट खोल नांगरट केली आणि ढेकळं उन्हात तापू दिली. पावसाळ्यात मूग काढला, मग वखराच्या पाळ्या घालून वरंबे ओढले. बांधापलीकडे तात्या. दसऱ्यानंतर दोनदा रोटाव्हेटर मारला, वरून रान पिठासारखं मऊ. मला हसले.

पहिल्या पाण्यात त्या पिठाची पपडी धरली. बीटचं बी बारीक, दोन सेंटिमीटर खोल टोकायचं. कोंब पपडी फोडू शकत नाही. जी रोपं वर आली त्यांची मुळं खाली घट्ट थराला थडकली आणि फाटे फुटले. मी त्यांच्या ओल्या रानात लोखंडी सळई खुपसली: वीतभर गेली, पुढं जाईना. माझ्या रानात तीच सळई मुठीपर्यंत आत. फाट्यांत माती अडकते आणि कारखाना ती वजनातून कापतो. तात्यांचं म्हणणं, बियाणं खराब होतं. अहो, पिशवी एकच होती, निम्मी-निम्मी वाटून घेतलेली!

बाकी थोडक्यात. वरंब्यातलं अंतर 50 सेंटिमीटर, दोन रोपांत 20. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेणखत पूर्ण कुजलेलंच, नांगरटीनंतर लगेच घाला; ताज्या खतानंही मुळं फाटतात. सपाट वाफ्यात अजिबात लावू नका. पाणी साचलं की मूळकुज आलीच. उगवणीला तुषारनं हलकं पाणी द्या.

खारवट जमिनीत बीट येतं म्हणतात ते खरं आहे, पण रोप सावरल्यावर. उगवताना क्षार त्यालाही सोसत नाहीत. आणि उसापेक्षा पाणी कमी लागतं म्हणजे कोरडवाहू जमतं असं नव्हे, विहिरीला मार्चपर्यंत पाणी हवंच.

हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: माल घेणारा कारखाना जवळ आहे ना ते बघा. काढलेलं बीट उन्हात पडलं की साखर उतरते. तसा कारखाना नसेल तर हरभरा पेरा. त्यालाही रोटाव्हेटर नकोच, तात्या काहीही म्हणोत.