पाऊस थांबला की जाऊ

"शाळेत सांगू की नको?" मुलाला ऑटिझम असल्याचं नुकतंच कळलेले आईबाबा माझ्याकडे येऊ लागले की तिसऱ्या-चौथ्या भेटीत हा प्रश्न येतोच. सांगितलं तर शिक्का बसेल, नाही सांगितलं तर रोजच्या तक्रारी. गेल्या महिन्याभरात तीन घरांनी मला तो विचारला, म्हणून एका कुटुंबाची गोष्ट लिहिते आहे. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

मुलगा साडेचार वर्षांचा. बोलायचा भरपूर, पण बरीचशी वाक्यं कुणाची तरी ऐकलेली, जशीच्या तशी, त्याच सुरात. शाळेतून रोज निरोप यायचा: मध्येच कान झाकतो, काहीतरी असंबद्ध बडबडतो आणि वर्गाबाहेर पळतो. आई थकून गेली होती. बाबांचं मत पक्कं होतं. "मॅडम, एकदा नाव लागलं की ते पुसलं जात नाही. थोडा मोठा झाला की होईल नीट."

मी विचारलं, "सध्या शाळेत त्याला काय म्हणतात?"

बाबा गप्प बसले. आई म्हणाली, "हट्टी. लाडावलेला. आईने वळण लावलं नाही, असंही."

"मग शिक्का बसलेलाच आहे की. तोही चुकीचा."

त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. असं वाक्य मुरायला वेळ लागतो.

आईकडे एक वही होती. तिच्यात रोजची नोंद असायची: आज किती वेळ रडला, आज कुणाला ढकललं. मी म्हटलं, हे लिहायचं थांबवू या. त्याआधीच्या मिनिटात काय घडलं आणि तो नेमकं काय म्हणाला, एवढंच तीन आठवडे लिहा. मूल जे करतं त्याला अर्थ असतो, हे गृहीत धरूनच मी कामाला बसते. अर्थ लागत नसेल तर तो शोधणं माझं काम, असं मी मानते.

तीन आठवड्यांनी तिघंही आले. मुलगा टेबलाखाली बसून गाडीचं चाक फिरवत होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी लोखंडी कपाट सरकवलं. चाक थांबलं. त्याने दोन्ही कान घट्ट दाबले आणि अगदी संथ, जड आवाजात म्हणाला, "पाऊस थांबला की जाऊ हं. पाऊस थांबला की जाऊ."

बाहेर रखरखीत ऊन होतं. आई घाईने म्हणाली, "पाऊस कुठाय राजा? असं बोलायचं नाही."

मी विचारलं, "हे वाक्य कुणाचं आहे?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "माझं." दोन वर्षांपूर्वी विजा कडाडत असताना ते त्याला घेऊन एका जिन्याखाली उभे राहिले होते. त्याला छातीशी धरून, कानावर हात ठेवून हेच म्हणत होते.

आईने वही उघडली. ते वाक्य सात ठिकाणी होतं. शाळेची घंटा, खुर्च्या ओढल्याचा आवाज, टाळ्यांचा गजर, भिंतीत चाललेलं ड्रिल. सातही वेळा मोठा आवाज.

"म्हणजे तो बडबडत नव्हता," आई म्हणाली. "सांगत होता."

बाबा खाली वाकले. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने त्यांचा हात मनगटाशी धरला आणि स्वतःच्या कानावर नेऊन ठेवला. मोठ्यांचा हात असा धरून वापरणं हे अहवालात लक्षण म्हणून नोंदलेलं असतं. त्या खोलीत मात्र त्याचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. इतकी वर्षं हे काम करूनही मी त्या दिवशी पुढचा अर्धा तास काही काम करू शकले नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. 1946 साली त्यांनीच दाखवलं की या मुलांच्या निरर्थक वाटणाऱ्या वाक्यांमागे एखादा खरा प्रसंग असतो. एक मुलगा पातेल्यासारखं काहीही दिसलं की एका बडबडगीतातले शब्द म्हणायचा. तो दोन वर्षांचा असताना आई ते गीत म्हणत होती आणि तिच्या हातून पातेलं पडलं होतं. तरीही पुढे कित्येक वर्षं दोष आईबापांच्या थंडपणावर ढकलला गेला. 1964 साली ते खोडून काढणारे बर्नार्ड रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. ऑटिझमसाठी आपल्या भाषेत रुळलेला 'स्वमग्नता' हा शब्दही मला खटकतो. टेबलाखाली बसलेला तो मुलगा स्वतःत मग्न नव्हता, आवाजाने हैराण झाला होता. आवाज, प्रकाश, स्पर्श असह्य होणं हे 2013 पासून निदानाच्या निकषांतच आहे.

तर शाळेत सांगायचं का? माझं उत्तर: हो, पण नुसतं निदान नको, मूल सांगा. मोठा अहवाल आधी पुढे करू नका. या दोघांनी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. त्याला काय आवडतं, तो काय म्हणतो, त्याचा अर्थ काय आणि तेव्हा काय केलं की तो सावरतो. "जरा समजून घ्या" या मागणीला शाळा मान डोलावते आणि विसरते. मागणी नेमकी हवी: घंटेपासून लांबची जागा, घंटा होण्याआधी दोन मिनिटं सूचना, आवाज अडवणारा हेडफोन, आणि शिक्षा म्हणून नव्हे तर विसावा म्हणून एक कोपरा. जे ठरेल ते लिहून घ्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा भेटा. हे सगळं बोलताना मूल समोर असेल तर ते ऐकतंय हे विसरू नका. आणि ज्यांचं बाळ दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलंय, त्यांनी 'मुलं उशिरा बोलतात' म्हणत बसू नये. लगेच तपासून घ्यावं.

मुख्याध्यापिका आधी म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखे." आई म्हणाली, "ठेवा ना सारखे. त्याला वर्गात बसता यावं, एवढंच मागतेय." पहिल्या भेटीत माझ्यासमोर मान खाली घालून बसलेली हीच बाई!

पळणं पूर्ण थांबलेलं नाही, पण खूप कमी झालंय. आता तो ते वाक्य म्हणाला की वर्गातल्या बाई "हो, थांबला की जाऊ" म्हणतात आणि हेडफोन देतात. पत्राचा शेवट बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला होता: 'हे वाक्य माझं आहे. तो म्हणाला तर आधी आवाज कमी करा, मग मला फोन करा.'

गेल्या आठवड्यात फोन आला, पण तक्रारीचा नव्हता. बाईंनी विचारलं, "आज तो सारखा 'दिवा राहू दे' म्हणत होता. हे कुठलं?"

आईला आठवेना. तिने वहीत नवं पान उघडलं आणि बाबांना हाक मारली.