लिनक्स नेटवर्क ड्रायव्हरमध्ये ट्रान्समिट रिंग (पाठवायच्या पॅकेटांच्या नोंदींची ठराविक जागांची गोल रांग) भरली की 'नेटडेव्ह टीएक्स बिझी' (आत्ता पाठवता येत नाही, नंतर पाहा) परत करायचं का?

नाही, रिंग भरल्यावर 'बिझी' परत करण्यापेक्षा ती भरायच्या आधीच 'नेटइफ स्टॉप क्यू' कॉल करून कर्नलची रांग थांबवा, म्हणजे तो नवी पॅकेट पाठवणार नाही. कर्नलसोबतच्या नेटवर्किंग दस्तऐवजात नेहमीच्या परिस्थितीत 'बिझी' देणं ही सरळ चूक मानली आहे, कारण कर्नल तेच पॅकेट रांगेत घालून पुन्हा तुमच्याकडे पाठवतो आणि सीपीयू फुकट खर्ची पडतो. एका पॅकेटला मूळ डेटासाठी १ आणि तुकड्यांसाठी साधारणपणे जास्तीत जास्त १७, असे १८ डिस्क्रिप्टर (रिंगमधल्या नोंदी) धरा. पॅकेट रिंगमध्ये टाकल्यावर तेवढी जागा उरत नसेल, तर फंक्शनमधून बाहेर पडण्याआधीच रांग बंद करा. मग मेमरी बॅरियर (सीपीयूला मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) घालून जागा पुन्हा तपासा आणि ती झाली असेल तर रांग पुन्हा सुरू करा, ही पायरी अजिबात गाळू नका. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या सीपीयूवर कम्प्लिशनने (पाठवून झालेल्या पॅकेटांची जागा मोकळी करणाऱ्या कोडने) सगळे डिस्क्रिप्टर मोकळे केले असतील, तर रांग पुन्हा सुरू करणारं कोणी उरत नाही. कार्ड ठणठणीत, पण पॅकेट बाहेर जात नाही. मात्र कर्नलच्या लॉकऐवजी स्वतःचं लॉक सांभाळणाऱ्या, म्हणजे एलएलटीएक्स प्रकारच्या ड्रायव्हरला क्वचित 'बिझी' द्यावं लागतं. तेव्हा पॅकेट फ्री करू नका, त्याचा पॉइंटरही जपून ठेवू नका.