केस कुठे दिसले?

फ्रीमाँटच्या ताईंचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातलं मला लागलं ते एवढंच : "मुलगा सुट्टीत आला आणि त्याने 'बर्कली इन द सिक्स्टीज' हा माहितीपट लावला. हे जेमतेम वीस मिनिटं बसले. 'लांब केस, गांजा, मोर्चे! यासाठी फी भरतोय का मी?' म्हणून टीव्हीच बंद केला. आठ दिवस दोघांत अबोला आहे."

हा माहितीपट कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळींचा. ताई, वीस मिनिटांत त्यांना लांब केस दिसले कुठे? हिप्पी मंडळी येतात नंतर. आधी १९६० सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत सिटी हॉलच्या जिन्यावरून पाण्याच्या माऱ्याने निदर्शनं करणाऱ्या मुलांना खाली लोटलंय. मग १९६४, बर्कली. कोट-टायमधली पोरं, जणू मुलाखतीला निघालेली! नागरी हक्क संघटनेचं टेबल मांडलं म्हणून एकाला पोलिसांनी गाडीत घातलं, तर बाकीच्यांनी गाडीलाच वेढा घातला, बत्तीस तास. विद्यार्थी नेता मारिओ साव्हिओ त्या गाडीच्या टपावर भाषणाला चढला तो बूट काढून, टपाला पोचे नकोत म्हणून. आता सांगा, हा मुलगा वाया गेलेला वाटतो का?

आणि नागरी हक्कांच्या त्याच वाऱ्यात अमेरिकेचा १९६५चा इमिग्रेशन कायदा झाला. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा. त्या शंभरात तुमच्या यजमानांचा नंबर लागला असता?

आमच्याकडेही हेच झालं होतं. लेकीने हाच माहितीपट लावला, ह्यांनी नाक मुरडलं. मी पोह्यांच्या बशा हातात देऊन दोघांना पुन्हा बसवलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे ओकलंडचे ब्लॅक पँथर पडद्यावर आले आणि हे ताठ बसले. "अगं, यांच्यावरूनच तर बहात्तर साली आपल्याकडे दलित पँथर!" तेव्हा हे दादरला कॉलेजात होते. लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. पोहे गार झाले, गप्पा एक वाजेपर्यंत चालल्या. (उत्तरार्ध जरा पसरट आहे, तेवढं सोसा.)

"उद्या याला पकडलं तर?" असं तुम्ही लिहिलंय. भीती खोटी नाही. १९६४च्या डिसेंबरात बर्कलीत एका रात्रीत जवळजवळ आठशे जणांना अटक झाली होती. व्हिसाच्या रांगेत उमेदीची वर्षं गेली की पोलीस दिसला तरी पोटात गोळा येतो, मलाही येतो. पण मग मुलाला तसं सांगा ना! बाबा घाबरलेत केव्हाचे, आणि बोलतायत केसांवर. त्याला काय कळणार? यजमानांना म्हणावं, रिमोट मुलाच्या हातात द्या आणि शेवटपर्यंत बसा. भांडण त्यानंतर.

आता पत्रातलं बाकीचं. सासूबाईंचा विमा त्या विमानात बसायच्या आत काढा. आणि धाकटीला मराठी शाळेचा कंटाळा येतो म्हणता, तर रविवारी सकाळी नऊला मलाही आला असता.