दोन रंगांचं विणकाम शिकायचंय. पहिलं काय विणू? आणि गाण्याच्या मैफलीत विणत बसलं तर चालतं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. चालतं. मैफलीत विणलेलं चालतं. ज्यांना ते चालत नाही अशा एका माणसाशी माझा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी पहिला भाग उरकते. टोपी विणा, गोल सुईवर. मफलर नको. सपाट विणायला गेलात की परतीच्या ओळीत सगळे टाके उलट, नक्षी पलीकडे आणि दोन्ही धागे अंगावर. गोल विणलं की नक्षी सतत समोर राहते आणि प्रत्येक टाका सुलट पडतो. ज्या फेअर आयल बेटाच्या नावाने ही वीण ओळखतात, तिथल्या स्वेटरात रंग ढीगभर दिसले तरी परंपरेने एका ओळीत दोनच असतात. तुम्हीही दोनच घ्या, एक गडद, एक फिका. आणि अस्सल लोकर मिळाली तर तीच घ्या. तिचे धागे एकमेकांना धरून राहतात. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक, ते निसरडं असतं.

आता मैफल.

माझी आई आमच्या कोल्हापुरात देवल क्लबात गाणं ऐकायला जायची तेव्हा पिशवीत सुया असायच्याच. भिंतीला टेकून बसायची, नजर गवयावर आणि हात आपले चाललेले. साधी वीण, बघावी लागत नाही अशी. ती गेली त्या हिवाळ्यात तिच्या ट्रंकेत लोकरीचे दोन गुंडे सापडले, एक मोरपंखी आणि एक मोतिया. बाबा पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात आणि डिसेंबरात तिथला वारा कानात शिरतो. म्हणून त्यांच्यासाठी टोपी विणायला घेतली. दोन रंगांचं माझं ते पहिलंच काम.

आई गेल्यापासून तीन महिने बाबा कुठल्या कार्यक्रमाला गेले नव्हते. रडलेही नव्हते. एका बुवांचं गाणं होतं, आई त्यांना वर्षानुवर्षं ऐकत आली होती, म्हणून ते एकदाचे तयार झाले. आम्ही आईच्याच जागी, भिंतीशी बसलो. मोतिया गुंडा सारखा घरंगळायला लागला तेव्हा बाबांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि मला लागेल तसा धागा सोडत राहिले.

बुवांनी बसंती केदार राग घेतला. जयपूर घराण्याची गायकी बांधणारे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यामुळे आमच्या गावात गाण्याच्या नादी लागलेल्या माणसाच्या कानावरून त्या घराण्याचे जोडराग, म्हणजे दोन राग एकत्र गुंफलेले, जातातच. पण हातात दोन धागे असताना जोडराग मी पहिल्यांदा ऐकत होते. केदार समोर असला तरी बसंत संपलेला नसतो. तो मागून चाललेला असतो आणि जागा आली की वर येतो. मी मोरपंखी विणत होते आणि मोतिया मागून चालला होता. हे मला कुणी समजावलं नव्हतं, हातांना कळलं.

अर्ध्या तासाने तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, बुवांचा आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. ते थांबले. तंबोरे चालू, तबलजी ठेका धरून, कुणी खोकलंसुद्धा नाही. मग ते हळू म्हणाले, "खाँसाहेबांचा आवाजसुद्धा तरुणपणी बसला होता. त्यानंतर त्यांनी ही गायकी बांधली." आणि खाली मंद्रात उतरून, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यातच पुढे गायले. बाबांचे खांदे हलायला लागले. दोन्ही हातांनी तो गुंडा छातीशी धरून ते रडत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी विणत राहिले.

मध्यंतरात माझे थोरले दीर चारचौघांत म्हणाले, "गाणं ऐकायला आलीस का टोपी विणायला? समोर कलाकार जीव तोडून गातोय, थोडी तरी जाण ठेव." बाबांच्या देखत. मोठ्यांना उलट बोलायची सवय नाही, गप्प बसले. त्याचा राग अजून आहे.

भाऊजी, आता सांगते. घरी येऊन टोपी उलटी करून बघितली. सुरुवातीच्या ओळी व्यवस्थित आहेत. आवाज फाटला तिथपासून अकरा ओळी इतक्या आवळल्या गेल्यात की मागचे धागे तारेसारखे ताणलेत आणि टोपी तिथे कमरेत धरल्यासारखी दिसते. लक्ष गाण्यात नसतं तर ते ताणलेपण आलं कुठून? ज्यांचे हात मोकळे होते त्यांतले निम्मे तेव्हा मोबाईलवर रेकॉर्डिंग करत होते. त्यांना कुणी काही बोललं नाही.

ती टोपी बाबांच्या डोक्यात बसत नाही. उसवली नाही, त्यांना दुसरी विणून दिली. तिचं माप देते: मध्यम जाडीची लोकर, ११२ टाके, काठ ३.५ मिलिमीटरच्या सुईवर, नक्षी ४ च्या. चार किंवा आठ टाक्यांची कुठलीही छोटी नक्षी बसेल. पाच टाक्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर मागचा धागा मध्ये एकदा अडकवून घ्या. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवा, म्हणजे मागचा धागा आखडत नाही. जो रंग उठून दिसायला हवा तो धागा नेहमी खालून घ्या, मध्येच अदलाबदल करू नका. आधी छोटा नमुना विणून टाके मोजा, आणि तोही गोलच विणा.

एक राहिलं. तुम्ही नवशिक्या आहात, तर नक्षीचा भाग मैफलीला नेऊ नका, माझ्यासारखी गत होईल. टोपीचा काठ न्या, नाहीतर साधी वीण. धातूच्या सुया एकमेकींवर वाजतात आणि विलंबितात, गाणं संथ चाललेलं असताना, ते सगळ्या हॉलला ऐकू जातं, बांबूच्या घ्या. पुढच्या रांगेत बसू नका. भिंतीला टेकून बसलात तर गुंडा घरंगळला तरी लांब जात नाही.