पान्हे पाठीवर नकोत

प्रश्न: नमस्कार दादा, वडलांची १०० सीसीची जुनी गाडी वापरतो, कंपनीचं टूलकिट कधीच हरवलंय. गणपतीला कराडहून कुंभार्ली घाटाने गुहागरला जायचंय. पान्हे सॅकमध्ये घेतले की पाठ दुखते, सीटखाली टाकले की खडखड वाजतात आणि पावसाळ्यात गंजतात. ठेवायचे कुठे आणि न्यायचे काय काय?
– एक वाचक, कराड

उत्तर: सॅकमधून आधी बाहेर काढा. पाठदुखीचं सोडा हो, घसरून पाठीवर पडलात तर पान्हा आणि मणका यांच्या मध्ये नुसतं सॅकचं कापड.

आणि सीटखालची ती खडखड साधी समजू नका. मीपण असाच एक पान्हा सुटा टाकलेला, कोण बांधत बसतंय म्हणून, तो महिनाभर वायरिंगवर घासत राहिला आणि ताम्हिणीत भर पावसात फ्यूज उडाला, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट सगळं गप्प. सीट काढली तर वायरीचं प्लास्टिक सोलून आतलं तांबं चकाकतंय. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर पान्हा आडवा पडला असता तर काय झालं असतं याचा विचारच नको.

त्यामुळे पान्हे बांधूनच. जुन्या जीन्सचा पाय कापा, शिंप्याकडून उभ्या शिलाया मारून कप्पे करून घ्या, पान्हे पुसून त्यावर ऑइलचा हात फिरवा, गुंडाळी करा आणि फाटक्या ट्यूबची रिंग कापून ती आवळा. साइड पॅनलच्या आत मावलं तर उत्तम. नसेल मावत तर ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप घ्या, एक टोक कॅप चिकटवून बंद, दुसऱ्याला आट्यांची कॅप, आणि डाव्या बाजूला साडी गार्डच्या आत क्लॅम्पने घट्ट. बुडाला बारीक भोक पाडा, नाहीतर आत शिरलेलं पाणी तिथेच राहतं. सायलेन्सरच्या बाजूला नको. मागे कॅरियरच्या टोकालाही नको, लोखंड जितकं खाली आणि मधोमध तितकी गाडी वळणावर शहाणी.

न्यायचं काय, तर दुकानातला चाळीस नगांचा सेट अजिबात घेऊ नका, निम्मे पान्हे तुमच्या गाडीला लागतच नाहीत. एका रविवारी अंगणात स्वतः मागचं चाक काढा, प्लग काढा, क्लच केबल सोडवा, ज्या पान्ह्याला हात लागला तोच गुंडाळीत. सोबत पक्कड, दोन तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पान्हा, एक प्लग, फ्यूज, थोडी तार, चिकटपट्टी, एक ट्यूब. जास्तीची क्लच केबल पिशवीत नको, जुन्या केबलच्या शेजारून आत्ताच ओवून ठेवा आणि टोकांना पट्टी गुंडाळा, तुटली की टोकं बदलायची फक्त.

प्रश्न: माझ्या गाडीला ट्यूबलेस टायर आहेत. पंक्चर किट दोन वर्षं सीटखाली पडलंय, चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: उघडून बघा. सोल्युशनची नळी एकदा फोडली की आतल्या आत वाळून जाते, आणि उन्हाने सुकलेली पट्टी भोकात घालताना तुटते. दोन्ही नवं घ्या. आणि हवा कशाने भरणार? पायपंप नसेल तर पंक्चर काढूनही गाडी ढकलतच न्यावी लागेल.