एकमेकांचे तास पाहून शिकवणं सुधारतं का? पुण्यातल्या कॉलेजात हे कसं करावं?

सुधारतं, पण तास पाहून ज्याचं उत्तर शोधायचं तो प्रश्न छोटा हवा. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणे’ यावर संशोधन होत नाही. ‘प्रथम वर्षाच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीतल्या तासाला शंका का विचारत नाहीत?’ यावर होतं.

तीन-चार प्राध्यापक पुरेत, शक्यतो वेगवेगळ्या विषयांचे. विषय परका असला की पाहणाऱ्याचं लक्ष आशयाऐवजी मुलांकडे जातं. एका सत्रात प्रत्येकाचे दोन तास पाहा: एक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दुसरा बदल केल्यानंतर. पाहणाऱ्याने शेरे लिहू नयेत, घडलं ते लिहावं: प्रश्न विचारल्यावर सर किती सेकंद थांबले, कोणत्या बाकावरून उत्तर आलं. बहुतेकदा थांबणं दोन सेकंदांचंही नसतं, आणि पहिला बदल तिथेच सापडतो. तासाच्या शेवटी मुलांकडून निनावी चिठ्ठी घ्या, मराठीत लिहायची मुभा देऊन. दोन दिवसांच्या आत अर्धा तास बसा. आधी शिकवणाऱ्याने बोलायचं, मग पाहणाऱ्याने.

बिघडतं ते एका कारणाने: या नोंदी बढतीच्या किंवा नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलमध्ये गेल्या की तास सजवलेले होतात आणि खरी अडचण कोणी दाखवत नाही. म्हणून नोंदवही शिकवणाऱ्याकडेच राहावी, हे प्राचार्यांशी सुरुवातीलाच ठरवून घ्या. विभागप्रमुख गटात असतील तर त्यांचा तास सर्वांत आधी पाहिला जावा.

एका सत्रात एकच बदल करा. दोन केलेत, तर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही.