घरच्यांसोबत मे महिन्यात सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर करतोय. फ्लाय फिशिंगचं दुकान कुठं आहे? आणि एवढ्या दुष्काळी भागात जवळपास पाणी मिळेल का?

दुकान शोधत फिरू नका. फ्लाय रॉड (लवचीक काठी), फ्लाय लाइन (जड दोरी), बांधलेल्या फ्लाय (गळावर सूत-पीस बांधून केलेले नकली किडे) ठेवणारं दुकान मला सोलापुरात आजवर दिसलेलं नाही. जाळी आणि दोरखंड विकणाऱ्यांकडे गळ, तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं मिळतं. तंगूस तुटली तर तिथून घ्या, बाकी सगळं घरून आणा.

मी लिहायला बसलो ते मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळं. "एवढ्या दुष्काळी भागात पाणी मिळेल का" हे वाक्य मी बारा वर्षं ऐकतोय, माझ्या मेहुण्याच्या तोंडून. तो पुण्याचा. सोलापूरला यायचं, चादरी घ्यायच्या, शेंगाची चटणी बांधून घ्यायची आणि जाताना म्हणायचं, "दाजी, तुमच्याकडं सगळं आहे, पाणी तेवढं नाही."

मी नोकरीत असताना चार वर्षं हिमाचलात, तीर्थन नदीच्या खोऱ्यात काढली. फ्लाय तिथंच शिकलो, थंड पाण्यातल्या ट्राउट माशावर. परत आलो तेव्हा पाच वेटची, म्हणजे हलक्या दोरीची, फ्लायची काठी सोबत आणली. मेहुण्याचं म्हणणं, ती आता माळ्यावर टाका. फ्लाय हे थंड, वाहत्या पाण्याचं काम; धरणातल्या कोमट पाण्यातला मासा गांडूळ नाहीतर कणकेच्या गोळीवरच येणार. सगळ्या पाहुण्यांसमोर हे त्यानं मला कितीदा तरी ऐकवलं.

एका वर्षी मार्चअखेरीस दोन्ही घरं मिळून भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो. तिथवर पसरलेलं उजनी धरणाचं पाणी तेव्हा उतरायला लागलेलं असतं. मी आदल्या रात्री चार फ्लाय बांधून घेतल्या होत्या. वडील कापडाच्या मागावर कामाला होते, घरात रंगीत सुताच्या कांड्या अजून आहेत. दहा नंबरच्या गळावर केशरी सूत गुंडाळलं, पुढं चिकनवाल्याकडून आणलेल्या कोंबड्याच्या मानेचं पीस. गळाचा काटा पक्कडीनं दाबून टाकला.

नावाड्याला विचारलं, चिलापी (तिलापिया मासा) कुठं बसते? त्यानं बोलण्यात वेळ घातला नाही. काठाच्या कडेनं नाव नेली आणि बोट दाखवलं. गुडघाभर पाण्यात, तळाच्या मातीत, ताटाएवढे गोल खळगे. एकाशेजारी एक, पंगत मांडल्यासारखे. प्रत्येक खळग्यावर एक काळसर नर, जागचा न हलणारा. आम्ही काठाला उतरलो. पहिल्या फेकीला मागची दोरी बाभळीत अडकली. सोडवून, गुडघ्यावर बसून दुसरी टाकली. फ्लाय खळग्यापलीकडं पडली, ती बुडू दिली आणि वीतभर, वीतभर ओढत आणली. खळग्याच्या काठावर आली तशी दोरी बोटात जड झाली. झटका नाही, नुसतं जड. काठी उचलली आणि मासा आडवा होऊन पळाला.

अर्धा किलोच्या आतबाहेरची चिलापी असेल. नावाडी फ्लाय हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाला, "सायेब, ह्याला तर काहीच लावलं नाही की ओ." त्यानंतर त्याच पट्ट्यात आणखी दोन मिळाल्या. मेहुणा काय म्हणाला? "गांडुळाला दहा आल्या असत्या." आल्याही असत्या. पण वाद दहाचा नव्हता, येते की नाही याचा होता. ती आली.

आणि पाण्याचं म्हणाल तर उजनीची क्षमता सुमारे 117 टीएमसी आहे. धरण भीमेवर, 1980 साली पुरं झालं. पाणी हिरवं दिसतं कारण पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्याकडं येतं. तेव्हा पाणी कुठंय हे निदान पुणेकरांनी तरी आम्हाला विचारू नये.

मे महिन्यात उजनी बहुतेक वेळा मायनसमध्ये असते, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठा उरलेला असतो. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते घरच्यांना जरूर दाखवा. पुण्याकडून येत असाल तर धरणाजवळचं भीमानगर हायवेवरच आहे, त्यासाठी वेगळा दिवस मोडायला नको. तुळजापूरच्या रस्त्यावर, शहर सोडल्या सोडल्या हिप्परगा तलाव लागतो. इंग्रजांनी 19व्या शतकात बांधलेला. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीवर कुरनूर धरण आहे. सिद्धेश्वर तलावात आणि पंढरपूरला चंद्रभागेच्या घाटावर काठी काढू नका. तिथं लोक माशांना खाऊ घालतात.

घरच्यांचं एवढंच सांगतो. उजाडल्यापासून नऊपर्यंतचा वेळ मागून घ्या आणि नऊला खरंच उठा. नंतर ऊन 42च्या पुढं जातं, मुलांना काठावर ताटकळत ठेवू नये. त्या सकाळी मी नऊला काठी गुंडाळली, म्हणून बायको आजही स्वतःहून विचारते, काठी घेतली का. मेहुण्याच्या मते सुट्टीत छंद आणला की सुट्टी बिघडते. माझ्या घरात तसं झालेलं नाही.

चिलापी मिळाली तर सोडू नका, खा. आफ्रिकेतला मासा, 1952 साली भारतात आणला, आणि आता आपल्या माशांची जागा खातोय. आम्ही त्या तिन्ही चिलापी नावाड्याच्या घरी दिल्या. त्याच्या बायकोनं लाल तिखट, लसूण लावून तव्यावर भाजल्या. मेहुण्यानं दीड खाल्ली.

सांगायचं राहिलं. धरणांत मासेमारीचे ठेके असतात, तेव्हा काठावरच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. उघड्या पडलेल्या गाळात पाऊल टाकू नका, वरून वाळलेला दिसतो आणि मांडीपर्यंत ओढतो. नावेत बसलात तर लाइफ जॅकेटशिवाय नाही. मे 2024 मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले, तेही सुटलेल्या वादळी वाऱ्यात. दुपारनंतर वळवाचं आभाळ दिसलं तर पाण्यावर जाऊच नका.

फ्लाय केशरी घ्या. त्या हिरव्या पाण्यात माझ्या बाकीच्या रंगांना काही लागलं नाही.